दोन अर्ज

2025 च्या जानेवारीत अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या आसपास वणवे पेटले आणि सोळा हजारांहून अधिक वास्तू जळून गेल्या. माझा नातू त्या देशात असतो. त्याच्या एका सोबत्याच्या वृद्ध आईचे घर त्या आगीत गेले. सोबती रजा काढून आईकडे धावला. विम्याचे कागद, सरकारी अर्ज, भाड्याची खोली अशी सारी कामे त्याने अंगावर घेतली. पण आई काही त्या राखेजवळून हलेना. नातवाने मला दूरध्वनीवर विचारले, "आजोबा, तुमचेही घर जळाले होते ना? पणजीने पहिल्यांदा काय केले?"

मी म्हणालो, "पेव उघडले."

एवढ्याने त्याचे समाधान होणे शक्य नव्हते. पेव म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही आणि घर का जळाले हेही नीटसे ठाऊक नाही. दोष त्याचा नाही. आम्हीच कधी सांगितले नाही. वयाची नव्वदी जवळ आली आहे. आता सांगून टाकावे हे बरे.

नांदेडहून उत्तरेला निघाले की अर्धापूर मागे टाकल्यावर वारंगा फाटा लागतो. येथे रस्ता दुभागतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीला जाते, दुसरी हदगाववरून उमरखेडला आणि तेथून यवतमाळ, नागपूरकडे. आज तेथे दिवसरात्र मालमोटारींची वर्दळ असते आणि चहाची भट्टी विझत नाही. प्रवासी उतरतो, चहा घेतो, पुढे जातो. 1948 साली मात्र या दोन वाटांचा अर्थ वेगळा होता. हिंगोलीची वाट निजामाच्या मुलखातच राहत असे. उमरखेडची वाट पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात, म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थानात उतरत असे. स्वातंत्र्य आमच्यापासून असे दोन मुक्कामांवर होते.

इतिहास थोडक्यात सांगतो. 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा हैदराबादच्या निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. 29 नोव्हेंबरला 'जैसे थे' करार झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता. सीमेपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी कार्यकर्त्यांचे कॅम्प पडले होते. इकडे कासीम रझवीच्या रझाकारांचा जोर वाढला. खेडोपाडी लूट, जाळपोळ, खून सुरू झाले, आणि सरहद्दीवरच्या गावांतून माणसे गाठोडी बांधून नदीपार जाऊ लागली.

आमचे गाव फाट्यापासून कोसभर आत. तेव्हा ते परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा निराळा झाला तो 1999 साली. वडील मी चार वर्षांचा असतानाच वारले होते. घरात आई आणि मी. घर दोन खणांचे. मातीच्या भिंती, वर माळवद, पुढे तुराट्यांच्या कुडाची पडवी, शेजारी कडब्याची गंजी. 1948 च्या वैशाखात एका रात्री टोळी आली. ते कोण होते हे आईला ठाऊक होते, पण तिने नावे कधी उच्चारली नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. गंजी पेटली, गंजीवरून पडवी, पडवीवरून माळवदाच्या तुळया. पहाटेपर्यंत भिंती तेवढ्या उरल्या. दावणीचे बैल गेले, बियाण्याची कणसे गेली आणि आईची लाकडी पेटी गेली. त्या पेटीत शेताचे कागद आणि सारा भरल्याच्या पावत्या होत्या.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरापलीकडे शाळेच्या मास्तरांचे घर होते. मास्तर मुसलमान होते. मला उर्दू त्यांनीच शिकवली; निजामाच्या राज्यात कचेरी आणि कायदा उर्दूत चाले, म्हणून आईचाच तसा आग्रह होता. त्या रात्री आईने त्यांचे दार ठोठावले. दार उघडले नाही. भीतीने उघडले नाही की आणखी कशाने, हे आम्हाला कधी कळले नाही.

आम्ही फाट्यावर आलो आणि उमरखेडची वाट धरली. पैनगंगेचे पात्र उन्हाळ्याने आटले होते. गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो. पावसाळाभर आई लोकांच्या शेतात खुरपायला जाई. मजुरी कलदार नाण्यात मिळे आणि ती पदराच्या गाठीत जाई.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. आठवडाभराने आम्ही परतलो. नदीला पाणी होते, नावेतून आलो. घराच्या जागी भिंतींचे चार खुंट आणि त्यांवर उगवलेले गवत. मला रडू आले. आई घराकडे पाहतही नव्हती. ती अंगणाच्या कोपऱ्यात पायांनी जमीन चाचपत होती.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातले धान्याचे कोठार. पांढरीच्या घट्ट मातीत विहिरीसारखा खड्डा खणतात, आत कडब्याचे व भुसाचे अस्तर देतात, ज्वारी भरतात आणि तोंड दगडमातीने लिंपून टाकतात. चोराला ते दिसत नाही आणि आगीला सापडत नाही. पेव उघडले तरी लगेच आत उतरायचे नसते. कोंडलेल्या हवेने माणूस मरतो. आईने दिवसभर तोंड उघडे ठेवले आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडला. कंदील विझला नाही, तेव्हा मला उतरवले. वरची वीतभर ज्वारी कुजली होती. खालची चांगली होती. आंबूस वास येत होता, पण भाकरी होत होती. आईला मी केलेली पहिली मदत ती हीच.

पेवाची ज्वारी पोट भरते, पण बियाण्याला चालत नाही; अंकुर धरत नाही. आणि पुढे रब्बीची पेरणी येऊन ठेपली होती. आईने पदराची गाठ सोडली. बारा रुपये कलदार निघाले. हाली सिक्क्याचा भाव सहाला सात, म्हणजे बाजारात त्यांचे चौदा झाले. त्यात बियाणे आले. बैल नव्हते, तेव्हा गावाने इर्जिक केली: ज्यांचे बैल वाचले होते ते एक दिवस तिफण घेऊन आले आणि आईने त्यांना पेवातल्या ज्वारीच्या भाकरी घातल्या. राहायला पऱ्हाट्यांची खोपी घातली. कूड मी बांधला आणि शेणमातीने आईने लिंपला.

राहिले कागद. त्यांच्या नकलांसाठी आणि मदतीसाठी तालुक्याच्या कचेरीत अर्ज द्यावयाचा होता, तोही उर्दूत. गावात ते काम मास्तरांचे. पण मास्तर राहिले नव्हते. 17 सप्टेंबरनंतरच्या दिवसांत पुन्हा जाळपोळ झाली होती आणि या वेळी जळालेली घरे मुसलमानांची होती. मास्तर शेताकडे पळाले ते परतले नाहीत. त्यांची बायको दोन मुली घेऊन पडक्या भिंतीच्या आडोशाला राहत होती. जाळणारे आमच्यातलेच होते. त्यांचीही नावे आईला ठाऊक होती.

बारा वर्षांच्या मी अर्ज लिहिला. मास्तरांनी शिकवलेला एक भारदस्त शब्दप्रयोग मला आठवला. घर जळाले असे साधे न म्हणता 'मकान नज्र-ए-आतिश हुआ' असे लिहावे, म्हणजे घर अग्नीला अर्पण झाले. आईला वाचून दाखवले. तिने मान हलवली आणि म्हणाली, "आता असाच आणखी एक लिही. चाचीचा."

मी म्हणालो, "त्यांनी दार उघडलं नव्हतं, माय."

"नव्हतं उघडलं," आई म्हणाली. "पण तिचं बी घरच जळालंय की रं. लिही."

मी लिहिला. नाव, तारीख आणि मुलांची संख्या सोडली तर दोन्ही अर्ज शब्दाला शब्द सारखे होते. आई दोन्ही अर्ज घेऊन पायी तालुक्याला गेली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे शिष्टमंडळ दिल्लीहून संस्थानात आले होते. या काळात मारल्या गेलेल्यांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आमच्या शिवेला लागलेला नांदेड होता. तो अहवाल दडलेलाच राहिला. अभ्यासकांना तो 2013 साली पाहावयास मिळाला. दर 17 सप्टेंबरला मी झेंडावंदनाला जातो. मुक्तिसंग्राम खरा होता, त्याचे हुतात्मे खरे होते आणि ते राज्य जाणे अगत्याचेच होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. पण त्या दिवशीच्या भाषणांत मी आजवर एकाच अर्जाची हकीकत ऐकत आलो आहे.

पहिल्या अर्जाचे उत्तर पुढच्या उन्हाळ्यात आले. थोडी तगाई मिळाली, तिच्यातून एक बैल घेतला. दुसऱ्याचे उत्तर येण्यापूर्वीच चाची मुलींना घेऊन भावाकडे निघून गेली. पुन्हा आली नाही.

आमचे घर उभे राहावयास तीन वर्षे लागली. जोत्याला दगड कमी पडत होते. मास्तरांच्या घराचे घडीव दगड तसेच पडून होते. गावातल्या कोणी कोणी ते हळूहळू उचलून नेऊ लागले होते. मीही एकदा म्हणालो, आपणही चार आणू. आई भिंतीसाठी चिखल तुडवीत होती. ती थांबली नाही. एवढेच म्हणाली, "त्याला हात लावू नको. तिचा अर्ज हाय अजून कचेरीत."