शंभरांपैकीं किती ?

पाण्यांत म्हैस आणि वर मोल, अशी एक जुनी म्हण आहे. व्हिडिओ गेम विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाची पहिल्या कांहीं वर्षांत नेमकी हीच अवस्था होती. पुस्तक दुकानांत उभें राहून चाळतां येतें, कापड बोटांनीं चोळून पाहतां येतें; पण खेळ असतो बंद पेटींत, आणि पेटीवरील सुंदर चित्राचा आंतील खेळाशीं संबंध असेलच असें नाहीं. घरीं नेऊन यंत्रांत घातल्यावांचून त्याची पारख होत नाहीं. परीक्षणांतील गुण पाहून खेळ घ्यावा कीं घेऊं नये, हा मुलें आणि आईबाप यांच्यामध्यें आज घरोघर रंगणारा वाद या अडचणींतूनच जन्मास आला आहे. तेव्हां हे गुण कोणीं, कोणासाठीं आणि कां देण्यास आरंभ केला, हें पाहिल्यावांचून त्यांचें मोल ठरवितां येणार नाहीं.

१९८२ च्या नाताळांत अमेरिकेंतील अटारी कंपनीनें ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटाच्या नांवावर एक खेळ बाजारांत आणला. तो रचणारे हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना त्या कामासाठीं अवघे पांच आठवडे मिळाले होते. चित्रपटाच्या कीर्तीवर विश्वासून असंख्य आईबापांनीं तो मुलांसाठीं घेतला, आणि मुलांच्या वांट्यास आलें तें नायकाला पुनःपुन्हां खड्ड्यांत पडलेला पाहणें. न खपलेला माल १९८३ मध्यें न्यू मेक्सिको संस्थानांतील अलामोगोर्डो गांवच्या कचराभूमींत पुरण्यांत आला. २०१४ च्या एप्रिलांत तो उकरला, तेव्हां ‘ई. टी.’ च्या पेट्या खरोखरच हातीं लागल्या. १९८३ सालीं अमेरिकेंतील या व्यापाराचा जो डोलारा कोसळला, त्याचें खापर एकट्या ‘ई. टी.’ वर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. दुकानें सुमार खेळांनीं भरलीं होतीं, आणि त्यांतून चांगला कोणता हें सांगणारा आवाज गिऱ्हाइकापर्यंत पुरेसा पोंचत नव्हता.

तो आवाज पुरविण्याचें काम नियतकालिकांनीं पत्करलें. इंग्लंडांत ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ आणि अमेरिकेंत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हीं दोन्ही १९८१ सालीं निघालीं होतीं. पण गुणदानाच्या पद्धतीस खरा रंग चढला तो लडलो या लहानशा इंग्लिश गांवांतून १९८४ मध्यें निघूं लागलेल्या ‘क्रॅश’ मासिकामुळें. स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या खेळांस हें मासिक वाहिलेलें होतें. चित्रें, खेळण्यांतील सुख, पैशाचा मोबदला अशा निरनिराळ्या सदरांखालीं तें शेकडा गुण देई, आणि त्यांच्या जोडीला अनेक परीक्षकांचीं मतें छापी. हीं मतें जुळतच असें नाहीं, आणि तीं जुळवून एकसुरी करण्याची घाईहि कोणास नसे. खाऊचे पैसे सांठवून महिन्याकांठीं एखादा खेळ घेणाऱ्या मुलास ‘पैशाचा मोबदला’ हें सदर किती मोलाचें वाटत असेल, याची कल्पना सहज करतां येईल. जपानांत १९८६ मध्यें निघालेलें आणि पुढें ‘फामित्सु’ या नांवानें प्रसिद्धीस आलेलें पत्र चार परीक्षकांकडून प्रत्येकीं दहांपैकीं गुण घेऊं लागलें. त्यांत चाळिसांपैकीं चाळीस गुण प्रथम मिळाले ते १९९८ सालीं, ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या खेळास. बारा वर्षें परीक्षकांनीं हात आंखडता धरला होता, म्हणूनच त्या चाळिसांना किंमत होती.

या काळापर्यंत गुण म्हणजे परीक्षणाची शेपटी होती. मजकूर आधीं, आंकडा मागाहून. २००१ च्या जानेवारींत अमेरिकेंत ‘मेटाक्रिटिक’ सुरू झालें आणि हा क्रम उलटला. निरनिराळ्या परीक्षकांचे गुण गोळा करावे, त्यांना शंभरांच्या मापांत बसवावें, कोणाच्या मतास अधिक वजन द्यावें हें स्वतःशींच ठरवावें, आणि सरासरीचा एकच आंकडा लोकांपुढें ठेवावा, अशी ही योजना. सोय मोठी झाली, यांत शंका नाहीं. पण पांचांपैकीं तीन तारे देणाऱ्या परीक्षकास ‘बरा आहे, आवड असेल तर घ्यावा’ असें म्हणावयाचें असलें, तरी त्याचे साठ गुण होतात, आणि खेळांच्या बाजारांत साठ म्हणजे जवळजवळ नापास! याच ठिकाणीं चित्रपटास एकसष्ट गुणांवर अनुकूलतेचा हिरवा रंग मिळतो, खेळास मात्र त्यासाठीं पंचाहत्तर लागतात. पस्तिसांवर उत्तीर्ण होण्याची संवय असलेल्या आपल्या शाळांतील मुलांनाहि हें गणित चमत्कारिकच वाटावें.

गिऱ्हाइकासाठीं केलेलें हें माप मग विक्रेत्यांनीं उचललें. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा खेळ २०१० च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झाला. तो ऑब्सिडियन या मंडळीनें रचला होता. रचनेचा ठराविक मोबदला त्यांना मिळाला. विक्रींतील वांटा नव्हता. मेटाक्रिटिकवर पंचाऐशीं गुण मिळाले तर मात्र बक्षीस द्यावयाचें, असा करार होता. मिळाले चौऱ्याऐशीं ! मंडळीचे एक प्रमुख ख्रिस अ‍ॅव्हेलोन यांनीं ही हकीकत २०१२ सालीं उघड केली. चौऱ्याऐशीं आणि पंचाऐशीं यांत खेळणाऱ्याच्या सुखाचा कोणता भेद आहे, हें कोणताहि परीक्षक सांगूं शकणार नाहीं; पण रचणाऱ्यांच्या मिळकतीचा भेद त्यांत होता. आणि ज्या आंकड्यावर पैसा अडकतो, त्या आंकड्यावर दाब येतोच. २००७ च्या नोव्हेंबरांत ‘केन अँड लिंच’ या खेळास जेफ गर्स्टमन यांनीं ‘गेमस्पॉट’ वर दहांपैकीं सहा गुण दिले. त्याच वेळीं त्या ठिकाणीं त्याच खेळाच्या जाहिराती झळकत होत्या. गर्स्टमन यांची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या नाराजीचा त्यांत हात होता, असें त्यांनींच पुढें २०१२ मध्यें जाहीरपणें सांगितलें.

तरीहि दाबापेक्षां दुसरी एक अडचण अधिक मूलगामी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच हंडींतलें हवें. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०२० च्या डिसेंबरांत आला, तेव्हां परीक्षकांना आधीं मिळालेली प्रत केवळ शक्तिमान संगणकांवर चालणारी होती. गुण नव्वदीच्या घरांत गेले. जुन्या प्लेस्टेशन यंत्रांवर तोच खेळ अडखळत, बंद पडत चालला. इतका, कीं प्रसिद्धीनंतर आठवडा-सव्वा आठवड्यांत सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून काढून टाकला, आणि तो परत येण्यास २०२१ चा जून उजाडला. याच्या उलट ‘नो मॅन्स स्काय’. २०१६ सालीं निराशेच्या आरोळ्यांत बुडालेला हा खेळ रचणाऱ्यांनीं वर्षानुवर्षें सुधारला आणि लोकांचें मत फिरविलें. छापलेलें पुस्तक बदलत नाहीं. खेळ बदलतो, आणि गुण मात्र पहिल्या दिवशींच्या मापावर थिजून राहतात. म्हणून आंकडा वाचतांना त्याच्या शेजारची तारीख आणि यंत्राचें नांव वाचणें अगत्याचें आहे. फार खालचे गुण ही धोक्याची घंटा म्हणून ऐकावी. ऐशीं आणि नव्वद यांतून निवड करावयाची असेल, तेथें आंकडा मुका होतो, आणि ज्याची आवड आपल्या परिचयाची आहे अशा परीक्षकाचा मजकूरच कामास येतो.

परीक्षक नकोत, खेळणारेच गुण देवोत, हाहि प्रयोग झाला. २०२० च्या जूनमध्यें ‘द लास्ट ऑफ अस’ चा दुसरा भाग निघाला. वीस तासांहून मोठा हा खेळ. पण कांहीं तासांतच हजारोंनीं त्यास शून्य गुण दिले. पुढल्या महिन्यांत मेटाक्रिटिकला छत्तीस तास उलटेपर्यंत लोकांचीं मतें न घेण्याचा नियम करावा लागला. ‘स्टीम’ या दुकानानें २०१३ पासून मत देणाऱ्यानें किती तास खेळ खेळला तें शेजारींच दाखविण्याची रीत ठेवली, आणि २०१५ मध्यें दोन तासांहून कमी खेळलेला खेळ चौदा दिवसांच्या आंत परत करण्याची सोय केली. म्हैस पाण्याबाहेर काढून दाखविण्याचा हा खरा उपाय ! गुणांच्या कोणत्याहि कोष्टकानें गिऱ्हाइकाचें इतकें हित साधलें नसेल.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्यें जगापुढें आला. हरवलेल्या भावाच्या शोधांत निघालेल्या मुलीची ही कथा. पुराणांतील प्रसंग त्यांत छायाबाहुल्यांच्या द्वारां सांगितले आहेत. परीक्षकांनीं चित्रांची वाहवा केली, लढाईच्या रचनेस आणि आटोपशीर लांबीस नांवें ठेवलीं, आणि सरासरी सत्तरीच्या आसपास रेंगाळली. त्याच वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’ मध्यें पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठीं त्याचें नांव पुढें आलें. सत्तराचा आंकडा पाहून पुढें गेलेल्यास यांतील कांहींच कळत नाहीं. परीक्षणाचीं चार वाक्यें वाचणाऱ्यास प्रशंसा आणि दोष दोन्ही कळतात, आणि त्यांतलें आपल्या घरीं काय चालेल हें तो ठरवूं शकतो. इंग्लंडांतील ‘युरोगेमर’ नें २०१५ सालीं गुण देणेंच बंद केलें होतें. आठ वर्षांनीं, २०२३ मध्यें, वाचकांसाठीं त्यांना पांच ताऱ्यांची पद्धत स्वीकारावी लागली.