खुनाला मुदत नाही, साक्षीला आहे

खुनाचा खटला किती वर्षांनी भरता येतो? कायद्याचे उत्तर सोपे आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने (कलम 468) तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांनाच मुदत घातली. 2023 च्या नव्या संहितेतही तेच आहे. खुनाला मुदत नाही.

बीदर-कलबुर्गीत हा प्रश्न 1948 पाशी जातो. मे महिन्यात गोरटा गावी रझाकारांनी केलेले हत्याकांड आपण विसरता कामा नये. त्यांचा नेता कासीम रझवी याच्यावर खटला चालला. तो 1957 मध्ये सुटला. सप्टेंबरच्या पोलिस कारवाईनंतर मुसलमानांच्या हत्या झाल्या. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने संस्थानातील मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. पैकी किमान 18 हजार उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांतले. या आकड्यांच्या मानाने खटले उभेच राहिले नाहीत. कायदा आड आला नव्हता. अहवालच सरकारने प्रसिद्ध केला नाही. 2013 पर्यंत तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात वाचकांना खुला झाला होता. 1948 साली वीस वर्षांचा असलेला साक्षीदार तेव्हा पंच्याऐंशीचा होता.