सात बहिणींचा बांध



दिवाळीच्या सुट्या लागल्या की लेकरांचा एकच धोशा सुरू होतो, आम्हाला कुठंतरी घेऊन चला. गोंदियाच्या बागेत नेलं तर अर्ध्या तासात कंटाळतात. मग गटातल्या दहा-बाराजणी मिळून गाडी ठरवतात आणि बहुतेक वेळा ती गाडी नवेगाव बांधलाच जाते. गोंदियापासून सुमारे ६५ किलोमीटर. डबे सोडायचे, पाणी पाहायचं, फोटो काढायचे आणि परतायचं. आज मला त्या पाण्याविषयी बोलायचं आहे. ते तिथं आणलं कोणी, हे आपण लेकरांना कधी सांगत नाही.

सहल हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी नव्हता. त्यांच्याकडे मंडई होती. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरायची, अजूनही भरते. माहेरवाशिणी लेकरं घेऊन यायच्या. दिवसा बाजार, रात्रभर दंडार नाहीतर नाटक. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा असते, तिथल्या गुहेपाशी दूरदूरच्या राज्यांतून गोंड बांधव येतात. महाशिवरात्रीला अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं प्रतापगड. तिथं महादेवही आहे आणि दर्गाही. बंडी जुंपायची, चटणी-भाकरी बांधायची आणि निघायचं. बाईला घराबाहेर पडायला देवाचं निमित्त लागायचं, हे खरं. पण निमित्त मिळालं की दोन-दोन दिवस ती बाहेर असायची. आता आपण सकाळी निघतो आणि दिवेलागणीला भाकरी टाकायला घरी हजर. यात आपण पुढं गेलो की मागं, ते तुम्हीच ठरवा.

तर नवेगाव. नावातच बांध आहे, तरी पाण्याकडे पाहून वाटतं की हे देवानंच केलेलं असणार. जुन्या गॅझेटियरमध्ये या तलावाचा घेर १७ मैल लिहिला आहे, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. पायी फिरायचं म्हटलं तर पूर्ण दिवस मोडेल. हा तलाव माणसांनी बांधला, साधारण तीनशे वर्षांपूर्वी, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. बांधणाऱ्याचं नावही नोंदलेलं आहे: कोलू पाटील कोहळी. कोहळी म्हणजे पाण्याची जाण असलेला समाज. त्यांचे पूर्वज काशीकडून आले आणि गोंड राजांनी त्यांना इथं वसवलं, असं ते सांगतात. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळायची, अशी गोंड राजवटीची रीत सांगितली जाते. म्हणूनच आपल्या भागात तलावांची इतकी दाटी झाली असावी. एकट्या गोंदिया जिल्ह्यातच लहानमोठे मिळून हजारावर जुने तलाव आहेत.

कोलू पाटलानं डोकं कसं चालवलं ते पाळीवर उभं राहिलं की कळतं. चहूबाजूंनी डोंगर आहेत. डोंगरांनी अडवायचं तेवढं पाणी आधीच अडवलेलं. जिथून ते निसटत होतं, त्या खिंडी तेवढ्या त्यानं मातीनं बुजवल्या. लेकरांना हे सांगायला पुस्तक लागत नाही. अंगणातल्या ओल्या मातीत मुठींनी चार डोंगर करा, लोटाभर पाणी ओता आणि कुठून निसटतं ते बघायला सांगा.

त्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात. गोष्ट अशी की कोलू पाटील बांध घालत होता तेव्हा सात देवींनी त्याला मदत केली. पुढं कोलू पाटीलही देव झाला. कोलासूर म्हणून त्याचं ठाणं तिथल्या एका डोंगरावर आहे.

या गोष्टीपाशी मी नेहमी थांबते. तलाव बांधायचा म्हणजे हजारो टोपल्या माती. रोजगार हमीच्या कामावर आजही गडी खोदतो आणि टोपली बाई उचलते. तीनशे वर्षांपूर्वी वेगळं असेल असं मला वाटत नाही. नोंदीत नाव एका पाटलाचं राहिलं. माती वाहणाऱ्या बायकांचं नाव कोण लिहून ठेवणार? मला आपलं वाटतं, लोकांनी त्यांना त्या सात बहिणींमध्ये ठेवलं. याला पुरावा नाही, हा माझा विचार आहे.

असे तलाव पुढं मालगुजारांकडे आले. दर उन्हाळ्यात गावानं गाळ काढायचा, पाळ दुरुस्त करायची, पाणी पाळीपाळीनं घ्यायचं, अशी वहिवाट होती. मालगुजार काही संत नव्हते; वेठबिगारीच्या आठवणी गावोगावी आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणू लागले. लेकरं ज्याला मामा तलाव म्हणतात तो हाच. त्यात मामा कोणी नाही. जुलूम गेला हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर गाळ काढायची वहिवाटही बहुतेक ठिकाणी गेली. तलाव सरकारचा, मग गाळही सरकारनंच काढावा, असं झालं.

नवेगावला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि शहरातली माणसं हौसेनं येऊ लागली. मारुती चितमपल्ली इथं वनखात्यात होते. ‘नवेगाव बांधचे दिवस’ हे त्यांचं पुस्तक गावच्या वाचनालयात असेल तर जरूर वाचा. २०१३ मध्ये नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तलावावर उतरतात, म्हणून न्यायचं तर लेकरांना थंडीतच न्या.

बाकीचे तलाव मात्र बेशरमीनं भरले. त्या झुडपानं पाणी झाकलं की खालची गावरान वनस्पती मरते, आणि तिच्या आधारानं राहणारे मासेही कमी होतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बायकांनी गट करून हे काम हाती घेतलं. बेशरम उपटली, तळाची माती मोकळी केली आणि पाणवनस्पती पुन्हा लावल्या. चिखलात गुडघाभर उभं राहून, परह्यासारख्या. रोवणी तर आपल्या हातातलीच आहे. त्यानंतर मासे वाढले, पक्षीही परत येऊ लागले. जाळं टाकायला जाणारा पुरुष आणि टोपलीत मासे घेऊन विकणारी बाई, एवढ्यावर ज्यांना ठेवलं होतं, त्या बायका आता तलावाच्या ठेक्याच्या बैठकीत बोलतात.

तेव्हा यंदा नवेगावला गेलात तर डबे सोडण्याआधी लेकरांना पाळीवर उभं करा आणि सात बहिणी मोजायला लावा. गाडीचं भाडं जमलं नाही, तर आपल्याच गावच्या बोडीवर न्या. तिची पाळ कुठून कुठवर जाते, जादा पाणी कुठून निघतं, कोणाच्या बांधीत जातं, हे त्यांना पायी चालून दाखवा. आणि सुटी संपली की एकदा तलाठ्याकडे जाऊन गावाचं निस्तार पत्रक बघायला मागा. जोडीला वाजिब-उल-अर्जही मागा. गावातल्या पाण्यावर, चराईवर, मासोळीवर कोणाचा काय हक्क आहे ते त्यात लिहिलेलं असतं. कागद जुना असतो आणि भाषा अवघड, म्हणून दहावी-बारावी शिकलेली लेक बरोबर न्या. तिला वाचू द्या.