दिव्रीईच्या दारावरचे नाव

युनेस्कोने १९८५ मध्ये तुर्कस्तानातली पहिली तीन स्थळे जागतिक वारसा यादीत घेतली. त्यातली इस्तंबूल आणि गोरेमे ही दोन सर्वांच्या ओळखीची. तिसरे होते दिव्रीईची जामा मस्जिद आणि तिला जोडलेली दारुश्शिफा, म्हणजे रुग्णालय. सिवास प्रांतातले हे डोंगराळ गाव समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर आहे. मी त्याच्या नादी लागलो तो तिथल्या नक्षीकामामुळे नव्हे, एका शिलालेखामुळे.

गाव जुने आहे. बायझंटाइन काळात त्याचे नाव तेफ्रिके. नवव्या शतकात पॉलिशियन नावाच्या ख्रिस्ती पंथाने इथे ठाणे केले. सम्राटाच्या दृष्टीने ते पाखंडी होते आणि त्यांना आसरा व मदत मिळाली मलात्याच्या मुस्लीम अमिराची. धर्माच्या सरळ रेषा आखून इतिहास वाचणाऱ्यांनी हे गाव जरूर वाचावे. १०७१ मध्ये मलाझगिर्तची लढाई झाली आणि अनातोलियाचे दरवाजे तुर्कांना उघडले. त्यानंतर मेंगुजेक गाझीच्या वंशजांनी या भागात राज्य केले. पुढे त्यांच्या दोन शाखा झाल्या. मोठी एर्झिंजानला, धाकटी दिव्रीईला. दिव्रीईच्या किल्ल्यातली मस्जिद ११८०-८१ ची, म्हणजे जामा मस्जिदीहून जुनी. ती बांधणारा कारागीर होता इराणमधल्या मरागा शहराचा.

आता त्या शिलालेखाकडे येतो. मस्जिद बांधली धाकट्या शाखेच्या अहमदशाहने, आणि तिच्या लेखात सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकुबादचे नाव आदराने घेतलेले आहे. दारुश्शिफा मात्र बांधली मलिका तुरान मलिकने. तिला अहमदशाहची बेगम मानले जाते, पण तिच्या लेखात पतीचा उल्लेखच नाही. ती स्वतःला न्यायी आणि अल्लाहच्या क्षमेची गरजवंत म्हणवते, आणि पुढे सांगते, फख्रुद्दीन बहरामशाहची मुलगी. लेखाची तारीख मुहर्रम ६२६ हिजरी, म्हणजे १२२८ चा शेवट.

बहरामशाह एर्झिंजानचा राजा. निजामी गंजवीने आपले ‘मखजनुल असरार’ हे काव्य त्यालाच अर्पण केले होते. १२२५ च्या सुमारास तो वारला आणि १२२८ मध्ये त्याच्या मुलाकडून एर्झिंजान घेतले ते याच कैकुबादने! म्हणजे माहेरचे राज्य नुकतेच बुडाले आहे, सासरच्या मस्जिदीवर ते बुडवणाऱ्याचे नाव कोरले जात आहे, आणि त्याच इमारतीला लागून ही बाई आपल्या मरहूम बापाचे नाव दगडात ठेवते आहे. तिने हे जाणून केले असे मी म्हणेन. इतिहासाच्या पुस्तकांत एर्झिंजानचा पाडाव दोन ओळींत आटोपतो.

नाव ठेवण्यासाठी तिने मकबरा निवडला नाही, रुग्णालय निवडले हेही पाहण्यासारखे आहे. दारुश्शिफा मस्जिदीच्या किब्ल्याच्या भिंतीला भिंत लावून आहे. नमाजी सफ धरून उभे राहिले की समोर मेहराब आणि भिंतीपलीकडे रुग्ण. आत मधोमध हौद आहे. पाण्याच्या आवाजाने मनोरुग्णांना बरे करत, असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. मला मात्र ती सामाईक भिंतच अधिक बोलकी वाटते. आज आपल्याकडे मस्जिदीला मिनार वाढवायला वर्गणी चटकन जमते, दवाखान्याचे काढले की सगळे एकमेकांकडे पाहतात.

बांधणारा मुख्य कारागीर खुर्रमशाह, वान सरोवराकाठच्या अखलातचा. आबनूसचा मिंबर १२४१ च्या सुमाराचा. तो केला तिफलिसच्या, म्हणजे आजच्या तिबिलिसीच्या, अहमद बिन इब्राहिमने. एवढ्याशा अमिरातीने कारागीर कुठकुठून आणले होते! दरवाज्यांवरची पाने-फुले दगडातून इतकी बाहेर आली आहेत की हात लावावासा वाटतो. पश्चिमेचा दरवाजा इतका बारीक कोरलेला की त्याला विणलेल्या कापडाची उपमा देतात, आणि त्याच्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड.

मिंबर बसून दोनच वर्षे झाली असतील, १२४३ मध्ये कोसे दागच्या लढाईत मंगोलांनी सेल्जुकांचा कणा मोडला. १२७७ मध्ये इल्खान अबाकाने दिव्रीईची तटबंदी पाडायला लावली. दारुश्शिफा पुढे मदरसा झाली. गावाला नवे दिवस आले ते गेल्या शतकात, रेल्वे आणि लोखंडाच्या खाणींमुळे. अंकाराहून कार्सला जाणारी गाडी आजही या गावावरून जाते.

तिथे गेलात तर दुपार कलताना पश्चिमेच्या दरवाज्यावर नमाज पढणाऱ्या माणसासारखी सावली पडते, ती लोक हमखास दाखवतात. ती पाहा, आणि मग उजव्या हाताला चार पावले पुढे जा. दारुश्शिफाचा दरवाजा तिथेच आहे आणि तुरान मलिकचा लेखही.