लाकडी वाफाकाठ

उंच वाफ्यातली माती पावसात वाहून जाऊ नये म्हणून भोवती बसवलेली फळ्यांची चौकट. रुंदी साधारण 4 फुटांच्या आत ठेवतात. मग दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि माती पायदळी तुडवली जात नाही.

नजरेत भरतात फळ्या, पण भार पेलतात खुंट्या. ओल्या मातीचा रेटा बाहेरच्या दिशेने असतो, म्हणून खुंट्या जमिनीत खोल ठोकून फळ्या गंजरोधक स्क्रूने आवळतात. नुसते खिळे लाकूड फुगता-आकसताना सैल होतात.

सागाचा गाभा वाळवीला आणि कुजण्याला दाद देत नाही. बाहेरचे फिकट लाकूड मात्र लवकर जाते. जुने रेल्वे स्लीपर दिसायला झकास, पण त्यांतल्या क्रिओसोट या विषारी लाकूडरक्षक तेलामुळे भाजीच्या वाफ्याला नकोतच. आर्सेनिकयुक्त सीसीए प्रक्रियेचे लाकूड अमेरिकेत 2003 अखेरीस बहुतेक घरगुती कामांतून हद्दपार झाले.