एकोणीस दिवसांचे अंतर : पहिल्या क्रमांकाचे गाणे ठरवते कोण?

१४ नोव्हेंबर १९५२ आणि ३ डिसेंबर १९५२. या दोन तारखांमध्ये अवघ्या एकोणीस दिवसांचे अंतर आहे. पहिल्या दिवशी लंडनच्या एका संगीत साप्ताहिकात ब्रिटनमधील खपाच्या गाण्यांची पहिली क्रमवार यादी छापून आली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ प्रथम ऐकू आली. दोन्ही देशांत ‘या आठवड्याचे पहिले गाणे कोणते?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाण्याचा काळ जवळपास एकाच वेळी उजाडला. योगायोगच, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असा.

मित्रहो, आजचा धागा गाण्यांचा आहे. त्यात ब्रिटिश याद्यांतील गमतीजमती येतील, यवतमाळ जिल्ह्यातील एक वही येईल, आणि आपल्या मुलखातून निघून लंडनच्या पहिल्या क्रमांकापर्यंत चोरपावलांनी पोहोचलेले काही सूरही येतील.

आधी लंडन. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाला रेकॉर्ड कंपन्यांच्या जाहिराती हव्या होत्या. पर्सी डिकिन्स या त्यांच्या सहकाऱ्याने एक युक्ती काढली : सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करायचा, कोणती रेकॉर्ड किती खपली ते विचारायचे आणि उत्तरांची बेरीज करायची. यादी बारा स्थानांची होती. पण बरोबरीमुळे तीत पंधरा गाणी बसली. पहिले स्थान अल मार्टिनो या अमेरिकन गायकाच्या ‘हिअर इन माय हार्ट’ला मिळाले व ते नऊ आठवडे टिकले. व्हेरा लिन या महायुद्धकाळातील लाडक्या गायिकेची तीन गाणी त्याच यादीत होती. म्हणजे ब्रिटनचे पहिले ‘नंबर वन’ गाणे अमेरिकन होते, आणि ते ठरले वीसेक दुकानांच्या सांगण्यावरून. आज ज्याला आपण ‘अधिकृत इतिहास’ म्हणतो त्याचा पाया कधीकधी असा टेलिफोनच्या तारेवर उभा असतो.

पुढे अनेक नियतकालिकांनी आपापल्या याद्या काढल्या आणि त्या एकमेकींशी जुळेनात. याचे उत्तम उदाहरण म्हणजे बीटल्सचे ‘प्लीज प्लीज मी’. १९६३ साली दोन प्रमुख साप्ताहिकांनी त्याला पहिला क्रमांक दिला, ‘रेकॉर्ड रिटेलर’ने मात्र दुसरा. नंतर संदर्भग्रंथ रचणाऱ्यांनी साठच्या दशकासाठी ‘रेकॉर्ड रिटेलर’ची यादी प्रमाण मानली. परिणाम असा, की त्या काळी हजारो चाहत्यांनी जे गाणे पहिले आले म्हणून साजरे केले, ते आजच्या नोंदीत दुसरे आहे, आणि २००० साली निघालेल्या बीटल्सच्या ‘१’ या संग्रहात त्याला जागा नाही. साधन बदलले की निष्कर्ष बदलतो, हे पदव्युत्तर वर्गात आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवतात. एवढे सोपे उदाहरण मात्र तेव्हा कोणी दिले नव्हते.

आता इकडे या. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा, चित्रपटगीतांविषयी तितकीच अढी. आकाशवाणीवरील चित्रपटसंगीताचा वेळ घटला. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते म्हणून ते गाळले गेले. निर्मात्यांशी वाद पेटला. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ पासून चालू होते, पण यवतमाळच्या श्रोत्याला हवे असलेले गाणे आता तेथे मिळेना. (यवतमाळ तेव्हा महाराष्ट्रात नव्हते, जुन्या मध्य प्रदेशात होते, हे जाता जाता लक्षात असू द्या.)

ती तहान कोलंबोने भागवली. रेडिओ सिलोनजवळ शक्तिशाली शॉर्टवेव्ह यंत्रणा होती, आणि ती आली होती महायुद्धातून. माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांच्या करमणुकीसाठी उभारलेले केंद्र पुढे सिलोन सरकारकडे गेले. ब्रिटिश सैनिकांना घरची गाणी ऐकवण्यासाठी आणलेल्या यंत्रांवरून आपल्या आजोबा-आजींनी लता, रफी, तलत ऐकले! ब्रिटनमध्येही चित्र फारसे वेगळे नव्हते. बीबीसीच्या शिस्तीला कंटाळलेला तरुण श्रोता रात्री रेडिओ लक्झेंबर्गकडे वळत असे. दोन्हीकडे सरकारी कान बंद झाले आणि शेजारच्या चिमुकल्या देशाने आपले दार उघडले.

गीतमालेची मोजणी सुरुवातीला अगदी निराळी होती. अमीन सायानी तेव्हा वीस वर्षांचेही पुरते नव्हते. अर्ध्या तासात सात गाणी लागत, क्रम न लावता. श्रोत्यांनी तो लावून पाठवायचा आणि बक्षीस जिंकायचे. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९ हजार पत्रे आली, आणि पुढे आठवड्याची पत्रे ६५ हजारांवर गेल्याचे सायानी सांगत. एवढी टपाल तपासणे अशक्य झाले, म्हणून १९५४ मध्ये स्पर्धा संपवून तिला क्रमवारीचे रूप दिले गेले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती कोलंबोला जात.

लंडनने विक्री मोजली. गीतमालेने विक्रीच्या जोडीला श्रोत्यांचे मतही धरले आणि गावोगावच्या श्रोता संघांना विचारले. यामागे साधे शहाणपण होते. दुकानातल्या रेकॉर्ड संपल्या की त्या आठवड्याची विक्री शून्य दिसते, वास्तविक मागणी शिगेला पोहोचलेली असते. शिवाय कोणी निर्माता स्वतःच्याच रेकॉर्ड विकत घेऊ लागला तर? आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे : रेकॉर्ड विकत घेणे ज्याला परवडत नाही अशा माणसालाही पोस्टकार्ड परवडते. ग्रामोफोन नसलेल्या घराचे मत लंडनच्या पद्धतीत कोठेच उमटले नसते.

गीतमालेच्या पहिल्या वार्षिक यादीत, १९५३ साली, पहिले आले ‘अनारकली’तील ‘ये जिंदगी उसी की है’. गायिका लता मंगेशकर, संगीतकार सी. रामचंद्र. हे रामचंद्र नरहर चितळकर अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. काही काळ नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. मराठी मंत्र्याने ज्या संगीताला दाराबाहेर ठेवले, त्याच संगीताचा पहिला वार्षिक मान मराठी संगीतकाराने आणि मराठी गायिकेने मिळवला. केसकरांना खलनायक ठरवण्याची मला घाई नाही. शास्त्रीय गायक-वादकांना आकाशवाणीने दिलेला आधार त्यांच्याच काळात वाढला. पण १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करावी लागली, यातच श्रोत्यांच्या पत्रांचे वजन दिसते.

आता चोरपावलांच्या सुरांकडे वळू. ब्रिटनच्या पहिल्या क्रमांकाशी भारताचे नाते म्हटले की लखनौत जन्मलेला क्लिफ रिचर्ड आणि मद्रासेत जन्मलेला एंगलबर्ट हम्परडिंक ही नावे पुढे येतात. हम्परडिंकने तर १९६७ साली बीटल्सच्या ‘पेनी लेन’ला पहिल्या क्रमांकावर येऊ दिले नाही. पण ही मुले ब्रिटिश कुटुंबांची. तो धागा मी लांबवत नाही.

पाचगणीचा धागा अधिक घट्ट आहे. झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बुलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच ‘द हेक्टिक्स’ या शालेय वाद्यवृंदात पियानो वाजवू लागला. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे तो लगेच पियानोवर वाजवी, अशी त्याच्या सोबत्यांची आठवण आहे. जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. त्याचे सहा मिनिटांना जेमतेम पाच सेकंद कमी असलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ च्या नोव्हेंबरात पहिले आले व नऊ आठवडे राहिले. त्याला खाली खेचले ते आब्बाच्या ‘मामा मिया’ने; हे दोन शब्द खुद्द ‘ऱ्हॅप्सडी’तही येतात! १९९१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर गाणे पुन्हा पहिले आले आणि नाताळच्या आठवड्यात दोनदा अव्वल ठरलेले ते पहिले ध्वनिमुद्रण झाले.

याहून मला प्रिय असलेली गोष्ट जानेवारी १९६८ ची आहे. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईत आला होता. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने भारतीय वादकांकडून आणखी एक रचना वाजवून घेतली : ‘द इनर लाइट’. सरोदवर आशिष खाँ, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. गायन नंतर लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाले, आणि मार्चमध्ये ही रचना ‘लेडी मॅडोना’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला निघाली. ‘लेडी मॅडोना’ पहिली आली. लाखो ब्रिटिश घरांत ती रेकॉर्ड उलटली की मुंबईत वाजलेली बासरी ऐकू येई. रेकॉर्डच्या लेबलावर मात्र त्या वादकांपैकी कोणाचेही नाव नव्हते.

नावाचा हा प्रश्न आपल्याकडेही होता. १९४९ च्या ‘महल’मधील ज्या गाण्याने लताबाई घरोघरी पोहोचल्या, त्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीला पत्रे लिहून विचारले, ‘ही खरी गाणारी कोण?’ तेव्हा नाव जाहीर झाले. पोस्टकार्डाची ताकद गीतमालेच्या आधीच सिद्ध झाली होती.

आणि आशाबाई? १९९१ साली बॉय जॉर्जच्या ‘बाउ डाउन मिस्टर’मध्ये त्यांचा प्रत्यक्ष आवाज होता, ब्रिटनच्या यादीत ते गाणे पहिल्या विसांतही आले नाही. त्यानंतर कॉर्नरशॉप या वाद्यवृंदाच्या तजिंदर सिंग याने भारतीय रेकॉर्ड आणि रेडिओ यांच्या आठवणींवर ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ लिहिले. १९९७ मध्ये ते साठाव्या क्रमांकावरच अडकले. नॉर्मन कुक याने त्याची गती वाढवून रिमिक्स केले आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते एक आठवडा पहिले आले, तेही ‘टायटॅनिक’च्या गाण्याला बाजूला सारून. म्हणजे आशाबाईंचा आवाज मागे राहिला आणि त्यांचे नाव शिखरावर गेले. स्वदेशी मात्र १९७२ च्या गीतमालेच्या वार्षिक यादीत त्यांचे ‘दम मारो दम’ आवाजासकट पहिले होते.

मार्च २००४ मध्ये ब्रिटनी स्पिअर्सचे ‘टॉक्सिक’ ब्रिटनमध्ये पहिले आले. त्यातील किंचाळत झेपावणारी व्हायोलिने ‘एक दूजे के लिए’ (१९८१) मधील ‘तेरे मेरे बीच में’ या गाण्यातून उचललेली आहेत. मूळ गाणे लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर हे सुरांचे असे पुनरागमन पाहायला नव्हते. १९९८ मध्येच ते गेले होते. यादीत एका गाण्यापुढे एकच नाव बसते, बाकी सगळे त्या ओळीच्या मागे उभे असतात.

आता ती वही. दिग्रसच्या आमच्या जुन्या घरात, ट्रंकेच्या तळाशी, टपाल कचेरीत दरसाल पैसे भरून नूतनीकरण होणाऱ्या रेडिओ परवान्याच्या पुस्तिकेखाली आजोबांची एक वही मिळाली. दर बुधवारी रात्री आठला ते ट्रान्झिस्टरपाशी बसत आणि पायदानानुसार गाणी उतरवून घेत. सायानी ‘क्रमांक’ म्हणत नसत, ‘पायदान’ म्हणत. वहीतही तोच शब्द आहे. प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत. डावीकडे सिलोनचा क्रम, उजवीकडे आजोबांचा स्वतःचा.

१९६६ च्या वार्षिक यादीच्या पानावर डावीकडे सर्वांत वर ‘बहारों फूल बरसाओ’ आहे. प्रसिद्ध झालेल्या याद्यांशी ते तंतोतंत जुळते. उजवीकडे मात्र त्यांनी ‘अनुपमा’तील लताबाईंचे एक गाणे पहिले ठेवले आहे आणि पुढे शाईने लिहिले आहे : ‘कार्ड टाकले.’

ब्रिटनमधील कोणत्याही आठवड्याचा पहिला क्रमांक आज बसल्या जागी सापडतो. गीतमालेच्या आठवडी याद्या पडताळायच्या तर अशा वह्यांचा फार मोठा आधार आहे. शिवाय उजवा रकाना हा जगातील कोणत्याही अधिकृत यादीत नसतो. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, कोठेही तुमच्या घरी अशी वही असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्याआधी प्रत्येक पानाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र काढा. कोरी वाटणारी पानेही सोडू नका. आमच्या वहीत ‘कार्ड टाकले’ अशा आणखी अकरा नोंदी समासात, पेन्सिलीने केलेल्या आहेत.