निराधार अनुदान

निराधार अनुदान : वार्धक्य, वैधव्य, अपंगत्व, दुर्धर व्याधी किंवा अनाथपण यांमुळे ज्यांना स्वतःच्या श्रमावर चरितार्थ चालविता येत नाही आणि ज्यांचा भार वाहणारे कुटुंबही उरलेले नाही, अशा व्यक्तींना शासनाकडून दरमहा मिळणारे रोख साहाय्य. महाराष्ट्रात ते मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजना व श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांद्वारे दिले जाते. प्रस्तुत नोंदीत या साहाय्याचा विचार खानदेशाच्या, विशेषतः धुळे तालुक्यातील सोनगीर परिसराच्या संदर्भात केला आहे.

पूर्वपीठिका : गावगाड्याच्या व्यवस्थेत वतनदाराचे व बलुतेदाराचे वार्धक्य त्याच्या घराण्याच्या हक्कावर निभावत असे, परंतु ज्यांना वतन नव्हते, जमीन नव्हती आणि आप्तही नव्हते, त्यांना देवस्थानाचे अन्नछत्र, सावकाराचे सदावर्त किंवा एखाद्या सुस्थित घरचा उरलासुरला घास यांवाचून अन्य आश्रय नव्हता, व तो न मिळाल्यास दाद मागण्यास कोणतीही कचेरी नव्हती. ब्रिटिश अमदानीत १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर जे दुष्काळविषयक नियम सिद्ध झाले, त्यांत धडधाकट माणसास खडी फोडण्याचे वा तलाव खोदण्याचे काम आणि कामास असमर्थ असलेल्यास विनामोबदला साहाय्य, असा भेद शासकीय स्वरूपात मांडला गेला. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन्ही दुष्काळांची झळ खानदेशास लागली आणि त्या वेळी या नियमांचा अंमल झाला. तथापि हे साहाय्य दुष्काळ संपताच बंद होई. सुकाळातल्या म्हातारपणाची दखल घेणारा नियम सरकारदप्तरी नव्हता. तगाईचा, म्हणजे शेतीसाठीच्या सरकारी कर्जाचा, लाभही जमीनधारकास मिळे, भूमिहीनास नव्हे.

स्वातंत्र्योत्तर काळात संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने कामाचा आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या अवस्थांत लोकसाहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक सामर्थ्याच्या मर्यादेत सुरक्षित करावा, असा निर्देश दिला. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत समाविष्ट असल्यामुळे न्यायालयाकरवी त्याची अंमलबजावणी करून घेता येत नाही. महाराष्ट्रात या निर्देशाचा कामापुरता अर्धा भाग वि. स. पागे यांच्या पुरस्काराने उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेने उचलला. १९७२ च्या दुष्काळात या योजनेचा विस्तार झाला, १९७७ मध्ये तिचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ज्यांचे हात कामच करू शकत नाहीत त्यांच्यासाठी, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० मध्ये निराधार अनुदान योजना सुरू झाली. दुष्काळी नियमांतील जुना भेद अशा रीतीने कायमस्वरूपी कल्याणव्यवस्थेत उतरला. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला. त्यातील वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ८० वर्षांखालील व्यक्तीस दरमहा २०० रुपये व त्यापुढे ५०० रुपये असून उर्वरित भार राज्य शासन सोसते.

पात्रता व स्वरूप : संजय गांधी योजनेचा लाभ ६५ वर्षांखालील निराधारांना मिळतो, त्यापुढील वयाचे वृद्ध श्रावणबाळ योजनेत येतात. निराधार विधवा, पोटगी न मिळालेल्या घटस्फोटिता, परित्यक्ता, देवदासी, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या पत्नी, तृतीयपंथी, अनाथ मुले, किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या व्यक्ती आणि कर्करोग, क्षय, पक्षाघात, कुष्ठरोग, एड्स यांसारख्या व्याधींनी जर्जर झालेले रुग्ण हे तिचे प्रमुख लाभार्थी होत. अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा आणि त्याचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, अशी अट आहे. अपंगांसाठी ही मर्यादा ५०,००० रुपये आहे. अनुदानाची रक्कम २०१९ मध्ये दरमहा १,००० रुपये झाली, २०२३ मध्ये ती १,५०० रुपयांवर गेली आणि २०२५ मध्ये अपंगांसाठी २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला.

सोनगीर व परिसर : मुंबई–आग्रा मार्गावर, धुळ्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले सोनगीर हे तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. स्टेनलेस स्टीलच्या प्रसाराने घरोघरच्या फडताळांतून पितळ उतरत गेले, तसतसा तांबटांचा धंदा आकसला. आणि भट्टीपुढे व ठोकणीवर आयुष्य घालविलेल्या कारागिरास भविष्यनिर्वाह निधी नसल्याने, दृष्टी व हात थकल्यावर त्यास शेतमजुराच्याच रांगेत उभे राहावे लागते. पश्चिमेस साक्री व उत्तरेस शिरपूर या तालुक्यांतील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय असल्याने, त्या रुग्णांचा पात्र लाभार्थ्यांत झालेला समावेश या भागास विशेष उपयुक्त ठरला आहे. याच प्रदेशातून ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर घर सोडतात व आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परततात. मागे राहिलेली म्हातारी माणसे शिधापत्रिकेवर कमावत्या मुलाच्या कुटुंबात गणली जातात, पण वर्षातले कित्येक महिने प्रत्यक्षात एकटी असतात. अशा वेळी त्यांचे निराधारपण तलाठ्याच्या चौकशीत कसे नोंदले जाते यावर पुष्कळसे अवलंबून असते.

कार्यपद्धती : वय, रहिवास व उत्पन्न यांचे दाखले आणि आवश्यक तेथे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून अर्ज तहसील कचेरीत दाखल करावा लागतो. तलाठ्यामार्फत चौकशी होऊन तालुका समितीपुढे प्रकरण येते. मंजुरीनंतर लाभार्थ्याने दरवर्षी हयातीचा दाखला सादर करावयाचा असतो. २०२४ च्या अखेरीपासून रक्कम थेट बँक खात्यात जमा होऊ लागली, त्यामुळे वाटपातील मध्यस्थांचा वाव कमी झाला. परंतु आधार जोडणी, बोटांचे ठसे व खात्याची पडताळणी ही नवी पायरी वाढली. कष्टाने ज्यांच्या बोटांवरील रेषाच झिजल्या आहेत, त्यांना हीच पायरी सर्वांत अवघड जाते.

मूल्यमापन : या व्यवस्थेचे मुख्य वैगुण्य रकमेच्या तोकडेपणापेक्षा पात्रतेच्या सीमारेषेत आढळते. २१,००० रुपयांचे वार्षिक उत्पन्न म्हणजे सबंध कुटुंबास दररोज साडेसत्तावन्न रुपये. राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यान्वये महाराष्ट्रातील मजुरीचा दर २०२४–२५ मध्ये दररोज २९७ रुपये होता. या दराने कायद्याने तेव्हा हमी दिलेले १०० दिवसांचे काम जरी एखाद्या घरास पूर्ण मिळाले, तरी त्याचे उत्पन्न २९,७०० रुपये भरते. म्हणजे त्याच घरातील अंथरुणास खिळलेला कर्करोगी, दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव नसल्यास, अनुदानास अपात्र ठरतो. शासनाचा एक हात जे देतो तेच दुसऱ्या हातास नकाराचे कारण होते, आणि सचोटीने खरे उत्पन्न सांगणारा अर्जदार दाखल्यावर सोयीचा आकडा लिहून घेणाऱ्यापेक्षा तोट्यात राहतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत याच १,५०० रुपयांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली, ही तुलना या संदर्भात उद्बोधक आहे.

अशा योजनांवर परावलंबन वाढविण्याचा आक्षेप घेतला जातो. परंतु ज्यांना काम करणे शक्यच नाही त्यांच्याविषयी तो लागू पडत नाही, आणि अपात्रांच्या शिरकावाविषयीचा आक्षेप रास्त असला तरी त्यावरील उपाय म्हणून वाढविलेले दाखले बहुधा निरक्षर, एकाकी व रुग्ण अर्जदारासच प्रथम अडवितात. रोजगार हमीची मजुरी दरवर्षी नव्याने ठरविली जाते; निराधारांची उत्पन्नमर्यादा मात्र अनुदान १,५०० रुपये झाले तेव्हाही २१,००० रुपयांवरच होती. ही मर्यादा मजुरीच्या दराशी निगडित करणे आणि निराधारपण सिद्ध करण्याचा भार अर्जदाराकडून काही अंशी चौकशी करणाऱ्या यंत्रणेकडे वळविणे, या दोन सुधारणांवाचून संविधानातील ४१ व्या अनुच्छेदाचा लाभ ज्यांच्यासाठी तो निर्देश लिहिला गेला त्यांच्यापर्यंत पूर्णांशाने पोहोचणे दुष्कर आहे.